मी रोज विचारायचे, मामा कुठं आहेत?

यातलं बरंचसं मला आठवत नाही. ते आधीच सांगते, म्हणजे वाचताना तुमची फसगत होणार नाही. दिवाळीनंतरपासून ऊन तापायला लागेपर्यंतचा काळ माझ्याकडं तुकड्यातुकड्यानंच आहे. मधलं जे इथं लिहिलंय ते माझे मिस्टर सुधाकर, मुलगी मयूरी आणि माझ्या सासूबाई यांनी सांगितलेलं. तिघांचं सांगणं सगळीकडं जुळत नाही. जिथं जुळलं नाही तिथं माझ्या मनाला पटलं ते मी घेतलं.

मी शीला. धाराशिवला एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. सुधाकर तहसीलमध्ये कारकून आहेत. सासर माकणीचं, धरणाजवळचं. सासूबाईंना मी आत्या म्हणते आणि सासऱ्यांना मामा. आमच्याकडं तशीच पद्धत आहे.

झटके

सुरुवात डाव्या गालापासून झाली. बोलता बोलता तोंड एकदम डावीकडं ओढलं जायचं आणि त्याच क्षणी डावा हात कोपरातून वर उडायचा. डोळा मिटून उघडेपर्यंत संपायचं. दुखायचं नाही. हातात कप असला तर तो मात्र फुटायचा.

वर्गात पहिल्यांदा झालं तेव्हा पोरी हसल्या. तासाभरात पुन्हा झालं, परत झालं, तेव्हा हसायच्या थांबल्या. पुढच्या बाकावरची एकजण म्हणाली, "मॅडम, तुम्ही बसता का?" मी बसले. बसूनही झालं.

घरी सगळ्यांना लकव्याची भीती वाटली. डोक्याचा फोटो काढला, तो स्वच्छ आला. रक्तात सोडियम कमी निघालं. डॉक्टर म्हणाले, "अंगातलं मीठ कमी झालंय." सलाईन लावलं, ताकात मीठ घालून प्यायला सांगितलं. दुसरे एक डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, पाळी जायचे दिवस आहेत, मनावर ताण घेऊ नका. झोपेची गोळी दिली. गोळीनं मी झोपायचे, पण झोपेतही हात उडायचा म्हणे.

शाळेत मी एकच धडा लागोपाठ तीन दिवस शिकवला. तिसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकांनी सुधाकरना फोन केला. त्यांनी माझी पर्स माझ्या खांद्याला अडकवून दिली. एवढं मला आठवतं. का आठवतं ते माहीत नाही. त्याच आठवड्यात जे घडलं ते मात्र पार पुसलं गेलं.

मामा

त्या आठवड्यात मामा गेले.

रानातून आले, ओसरीवर टेकले, पाणी मागितलं, आणि पाणी येईपर्यंत संपले होते. आम्ही धाराशिवहून गेलो. मी गेले, आत्यांच्या गळ्यात पडून रडले, आलेल्या बायकांना चहा केला. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला त्रिशरण आणि पंचशील मी म्हटलं, एक अक्षर न चुकता. मयूरीनं याचा व्हिडिओ दाखवलाय मला. पांढऱ्या साडीतली एक बाई हात जोडून उभी आहे. ती मीच आहे. मध्येच तिचा हात उडतो, ती पुन्हा जोडते.

कार्यक्रम संपला, माणसं पांगली, आणि मी आत्यांना विचारलं, "आत्या, मामा कुठं आहेत? जेवले का?"

आधी त्यांना वाटलं, दुःखानं बोलतेय. त्या म्हणाल्या, "गेले गं बाय." मी किंचाळले. आत्ताच कळल्यासारखी रडले. कधी, कसं, मला का सांगितलं नाही, असं विचारत राहिले. रडून झाल्यावर तोंड धुवून आले आणि थोड्या वेळानं विचारलं, "मामा दिसत नाहीत. रानात आहेत का?"

असं रोज. दिवसातून कितीतरी वेळा. नवऱ्याचं मरण ज्या बाईला अजून स्वतःला उमगलं नव्हतं, तिला ते मला रोज नव्यानं सांगावं लागत होतं. शेवटी एकदा आत्या म्हणाल्या, "व्हय, रानात गेलेत. येतील जेवायच्या वक्ताला."

 मी समाधानानं भाकरी खाल्ली म्हणे.

मयूरीला ते पटलं नाही. ती म्हणाली, "आज्जी, खोटं कशाला सांगता?"

"मग तू सांग की खरं," आत्या म्हणाल्या. "रोज मारती का तुझ्या आज्याला? मला जमत न्हाय आता."

 मग मयूरीही "रानात गेलेत" असंच सांगायला लागली.

जीप

माकणीतच आम्ही राहिलो, कारण मला एकटं सोडणं शक्य नव्हतं. मी मुलीला माझी बहीण समजायचे. घरात पाहुणे का बसलेत असं विचारायचे, पाहुणे तर कुणीच नसायचे. मी एकदा बसमध्ये बसून निघाले आणि लोहाऱ्याला उतरून तिथंच बसून राहिले. ओळखीच्या एकानं पाहिलं म्हणून सापडले. भाऊ न्यायला येणार आहे असं मी त्याला सांगितलं. माझा भाऊ जाऊन कितीतरी वर्षं झाली.

शेजारपाजारच्यांनी जे म्हणायचं ते म्हटलंच. सासऱ्याचा जीव हिच्यात अडकलाय. एक माणूस आहे, तो बघतो, उतरवतो.

सुधाकर तसे नाहीत. पण महिनाभर न झोपलेला माणूस कसा असतो ते मला आता कळतं. एका सकाळी त्यांनी कुणाची तरी जीप आणली. मला नवीन साडी नेसवली. मी खुश होते, लग्नाला चाललोय असं मला वाटत होतं.

आत्या जीपपुढं येऊन उभ्या राहिल्या. मयूरी सांगते, त्या ओरडल्या नाहीत, अगदी हळू बोलल्या.

"माझ्या बापानं घरातले देव गाठोड्यात बांधून तेरणेच्या पाण्यात सोडले. म्या लहान होते, पर डोळ्यानं बघितलंय. गाव आमच्याशी बोलत नव्हतं, तरी बाप मागं फिरला न्हाय. आन् तू शिकला-सवरलेला, तुझ्या बायकूला कुणाच्या दारात न्हेतूस?"

सुधाकर म्हणाले, "मग काय करू आई? तूच सांग. डॉक्टर म्हणतात काही नाही. काही नाही तर ही अशी का झाली?"

"मला काय ठावं? म्या डागदर हाय का? पर एक डागदर चुकला तर दुसरा बघ. दुसरा चुकला तर तिसरा बघ."

जीप सुरूच होती. सुधाकर स्टिअरिंगवर डोकं टेकवून रडले. मग त्यांनी विचारलं, "सोलापूरला नेऊ का?" आत्या मागच्या सीटवर माझ्या शेजारी येऊन बसल्या.

सोलापूर

मेंदूच्या डॉक्टरबाई तरुण होत्या. सुधाकर आजाराची सगळी हकिकत सांगत होते, पण त्या त्यांच्याकडं बघत नव्हत्या. माझ्याकडं बघत होत्या. तेवढ्यात माझा गाल ओढला गेला, हात उडाला.  थोड्या वेळानं पुन्हा झालं. तेव्हा त्यांनी विचारलं, "हे दिवसातून किती वेळा होतं?"

"मोजत नाही आम्ही. सारखंच होतं," मयूरी म्हणाली.

"आणि सोडियम कमी आलं होतं?"

"हो."

त्या खुर्चीत मागं टेकल्या. सुधाकर सांगतात, बाईंचा चेहरा एकदम मोकळा झाला, आणि तो बघून त्यांना स्वतःला कित्येक दिवसांनी श्वास घेतल्यासारखं वाटलं. "या वेड्या झालेल्या नाहीत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मला वाटतंय ते असेल तर यावर इलाज आहे."

मला भरती केलं. मोठ्या मशिनमध्ये घातलं, पाठीतलं पाणी काढलं, रक्त लांबच्या लॅबला पाठवलं. उत्तर आलं तेव्हा त्यांचा अंदाज बरोबर ठरला. ऑटोइम्यून एन्सेफलायटिस. म्हणजे माझ्याच प्रतिकारशक्तीनं माझ्या मेंदूला सूज आणली होती.

इतरांच्या अनुभवकथनात निदानाचा दिवस एक असतो. माझा रोज उगवायचा. मी सकाळी विचारायचे, "मला काय झालंय?" सुधाकर सांगायचे. मी घाबरायचे, रडायचे, मरणार का विचारायचे. दुपारी पुन्हा, "मला इथं का आणलंय?" त्यांनी पुन्हा सगळं सांगायचं. त्यांनी एकदाही चिडून सांगितलं नाही असं ते म्हणतात. मयूरी म्हणते, एकदा चिडले होते.

यातून मयूरीनंच एक युक्ती काढली. असा पेशंट तुमच्या घरी असेल तर उपयोग होईल म्हणून सांगते. आजाराचं नाव आधी सांगायचं नाही. आधी सांगायचं, "मम्मी, तू बरी होणार आहेस, इलाज सुरू झालाय." मग मी विचारायचे, "कशावर?" तोवर भीती अर्धी उतरलेली असायची. आणि पुष्कळदा पुढचं विचारायचं मी विसरूनच जायचे.

आतले आणि बाहेरचे

मी वर्षानुवर्षं मुलांना शिकवलंय की पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे सैनिक. फळ्यावर ढाल-तलवारीचं चित्रही काढायचे. म्हणून डॉक्टरबाई समजावून सांगायला लागल्या की माझ्यातली मास्तरीण जागी व्हायची, आणि तरीही काही कळायचं नाही. हे संभाषण किती वेळा झालं देव जाणे, असं म्हणणार होते, पण आमच्यात तसं म्हणत नाहीत. मयूरी जाणे.

"सगळ्या एकसारख्या नसतात, मॅडम," त्या म्हणायच्या. "मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या पेशी असतात. बाळ पोटात असतानाच त्या मेंदूत येतात आणि तिथल्याच होऊन जातात. मेलेलं, तुटलेलं उचलायचं, नको असलेली जोडणी छाटायची, जखम झाली तर धावायचं, हे त्यांचं काम. त्यांच्यातही जागेप्रमाणं स्वभाव वेगळा. मग मेंदूच्या आवरणात आणि रक्तवाहिन्यांच्या कडेनं राहणाऱ्या वेगळ्या. आणि टी पेशी, बी पेशी या मुख्यतः रक्तातल्या. त्या आवरणापर्यंत येऊन पाहणी करतात, आत फारशा शिरत नाहीत."

"मग माझ्या शिरल्या?"

"तुमच्या बी पेशींचं चुकलं. त्यांच्यापासून तयार होणाऱ्या अँटिबॉडी मेंदूतल्या एका प्रथिनाला जाऊन चिकटल्या. ते प्रथिन आठवणी साठवायच्या जागी जास्त असतं."

"म्हणजे बाहेरच्यांनी आतल्यांना मारलं?"

"बाहेरचे म्हणजेही तुमचेच की."

इथं मी दरवेळी अडकायचे. सगळेच माझे, तर राग कुणाचा करायचा? मी विचारायचे, "मग आता सगळ्यांनाच मारून टाकणार का?"

"नाही. बी पेशी कमी करायच्या, अँटिबॉडी काढून टाकायच्या. मेंदूत राहणाऱ्या पेशींची आपल्याला गरज आहे."

"त्या मायक्रोग्लिया माझ्या बाजूच्या आहेत ना मग?"

यावर त्यांनी एकदा उत्तर दिलं. ते वाक्य मयूरीनं मला जसंच्या तसं सांगितलंय. "खरं सांगू? या आजारात त्या नेमकं काय करतात, मदत की त्रास, ते आम्हालाही पुरतं माहीत नाही. बहुतेक दोन्ही."

बरी झाल्यावर मी हे पुन्हा पुन्हा विचारून घेतलंय. अजूनही मला ते धड बसत नाही. पण त्यांनी माहीत नाही असं म्हटलं, त्याचा मला आधार वाटतो. ज्यांनी "काही नाही, मनाचं आहे" म्हटलं त्यांना सगळं माहीत होतं.

शेजारची खाट

स्टेरॉइडच्या बाटल्या चढल्या आणि काही दिवसांत झटके थांबले. सगळ्यांनी फक्त पेढे वाटायचे बाकी ठेवले. पण डोकं तसंच राहिलं, वर राग आला. चेहरा सुजून भाकरीसारखा झाला, भूक इतकी की शेजारणीच्या ताटातली चटणी मी उचलली. लग्नानंतर पहिल्यांदाच नवऱ्याला मी अरेतुरे केलं. "अरे सुधाकर, तुला कळत नाही का?" असं सगळ्या वॉर्डासमोर. ते आता म्हणतात, "आजारपणात तेवढं एक छान वाटलं."

मग मानेत नळी घालून रक्त मशिनमधून फिरवायचे. त्यातलं पिवळं पाणी पिशवीत जमायचं आणि बाकीचं परत अंगात यायचं. अँटिबॉडी त्या पाण्यात असतात. मी त्या पिशवीकडं बघत राहायचे. माझ्या आठवणी त्यातूनच चालल्यात असं मला वाटायचं आणि मी ती पिशवी परत मागायचे.

शेजारच्या खाटेवर गौरव्वा नावाची म्हातारी होती, कर्नाटकातल्या आळंदकडची. तिला मराठी येत नव्हतं, मला कन्नड येत नाही. ती दिवसभर माझ्याशी बोलायची. तिच्याजवळ मला फार शांत वाटायचं, आणि का ते मला बऱ्याच दिवसांनी उमगलं. बाकी सगळे माझ्याशी बोलले की माझ्या तोंडाकडं बघायचे, हिला कळलं का म्हणून. गौरव्वाचं मला काही कळणारच नव्हतं. तिथं न समजणं साहजिक होतं. ती माझे केस विंचरायची, मी मान डोलवायचे. तिचा चेहरा मला स्वच्छ आठवतो. नवरा आणि मुलगी त्याच खोलीत होते, त्यांचा आठवत नाही. मयूरीला हे सांगितलं तेव्हा ती हसली, पण नंतर बराच वेळ मोबाइल बघत बसली.

आता

आता मी शाळेत परत जाते. सध्या वरचे वर्ग घेत नाही, पाचवी-सहावीला शिकवते. ठराविक काळानं सोलापूरला जाऊन बी पेशी कमी करणारं इंजेक्शन घेते, त्यामुळं साधा सर्दी-ताप आला तरी धावपळ होते. नवीन नावं लक्षात राहायला वेळ लागतो. हरवलेला तो काळ आठवणीत परत आला नाही, आणि येणार नाही असं डॉक्टरबाईंनी सांगितलंय. ढाल-तलवारीचं चित्र मी आता काढत नाही. त्याऐवजी काय काढायचं ते मात्र अजून सुचलेलं नाही.

तुमच्या घरात कुणाचं वागणं थोड्याच दिवसांत पार बदललं, हात-तोंड झटकायला लागलं, नुकतं सांगितलेलं लक्षात राहीनासं झालं, तर मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. एकानं नाही म्हटलं तर दुसऱ्याला. हे माझं नाही, आत्यांचं म्हणणं आहे.

मी बरी होतेय हे मला ज्या दिवशी कळलं तो दिवस माकणीचा. दवाखान्यातून सुटून मी तिथं गेले होते. ऊन तापायला लागलं होतं. संध्याकाळी लांबचे एक पाहुणे उशिरानं भेटायला आले आणि मला माहीत असणारच असं धरून माझ्यासमोर म्हणाले, "दादा गेले आन् घर ओकं झालं." मी रडले. पुन्हा पहिल्यांदाच कळल्यासारखी. आत्यांनी मला पोटाशी घेतलं, पिठलं-भाकरी खाऊ घातली, मी झोपले.

सकाळी जाग आली. पत्र्याच्या फटीतून ऊन आलं होतं. मामा गेलेत, असं मनात आलं. मी तशीच पडून राहिले. ते जाईल म्हणून वाट बघितली. उठले, चूळ भरली, चहा घेतला. मामा गेलेलेच होते.

बाहेर आले. आत्या सुपात ज्वारी निवडत होत्या. मी समोर जाऊन उभी राहिले, तशी माझ्याकडं न बघताच सवयीनं त्या म्हणाल्या, "रानात गेलेत. येतील जेवायच्या वक्ताला."

"न्हाय, आत्या," मी म्हणाले. "मामा गेले. काल पाहुणे म्हणाले की."

त्यांचा हात सुपातच थांबला. "काल रातीला काय खाल्लंस?"

"पिठलं."

"आन् पाहुणे कुणीकडचे?"

"तेरचे. पांढऱ्या टोपीचे."

मला वाटलं त्या आनंदानं उठतील, सुधाकरना हाक मारतील. त्यांनी सूप खाली ठेवलं. पदर तोंडात धरला आणि हमसून रडायला लागल्या. मामा गेल्यापासून त्यांना असं रडताना कुणी पाहिलं नव्हतं. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "बरी झालीस, लई चांगलं झालं. पर आता मला बी त्यास्नी रानात धाडता येणार न्हाय."

हे तोवर कुणालाच कळलं नव्हतं. सगळ्यांना वाटत होतं, त्या फक्त माझ्यासाठी ते सांगतायत.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना काही विचारलं नाही. त्याच माझ्याजवळ येऊन बसल्या. 

"विचार की," त्या म्हणाल्या.

मी घाबरत विचारलं, "आत्या, मामा कुठं आहेत?"

"गेले," त्या म्हणाल्या. "पाणी मागितलं, आन् म्या आणोस्तवर गेले गं." आणि मग त्यांनी मला तो दिवस पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.